तरंगलेलं बी

अंडं तरंगलं की आक्का म्हणायच्या, "झालं. बास आता मीठ."

अंगणात प्लास्टिकचा मोठा टप. त्यात पाणी. मूठमूठ मीठ टाकायचं, हातानं ढवळायचं आणि मधेच एक ताजं अंडं सोडून बघायचं. साध्या पाण्यात ते तळाला जाऊन बसतं. मीठ वाढत गेलं की हळूच उठतं आणि रुपयाएवढं डोकं बाहेर काढून थांबतं. मग त्या पाण्यात भाताचं बी ओतायचं. भरलेला दाणा खाली जातो. पोचट वर येतो. वरचं चाळणीनं काढून टाकायचं, खालचं धुऊन पेरायचं. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, आमच्या खोऱ्यात, मृगाच्या आधी हे घरोघर चालायचं. अजून चालतं.

वरचं काढून टाकायचं, म्हणजे आमच्याकडं टाकायचं.

आई पायरीच्या खाली उभी असायची, पदर पसरून. आक्का पायरीवर. आई त्यांच्या शेतावर मजुरीला जायची. "कोंबड्यांपुरतं ठेव गं, ऱ्हायलेलं तिला घाल," असं त्या सुनेला सांगायच्या. आधी कोंबड्या, मग आई. चाळणी उंचावरून उलटी व्हायची आणि ओलं बी थपकन पदरात पडायचं. मिठाचं पाणी आईच्या पोटावरून, निऱ्यांवरून, पायांवर गळत राहायचं. ती हलायची नाही. हललं तर सांडतं.

मी तेव्हा दुसरी-तिसरीत असेन. एकदा आईचं लक्ष नव्हतं आणि मी टपाजवळ गेले. तळाशी बसलेलं बी पाण्यातून लई सुंदर दिसत होतं. सोन्यासारखं. मी कोपरापर्यंत हात घातला आणि मूठ भरली.

कुणी ओरडलं नाही. आक्कांनी माझ्याकडं बघितलं, मग सुनेकडं. दोघींनी मिळून टप उचलला. बी गोणपाटावर काढलं आणि पाणी परड्यात ओतून दिलं. टप विसळला. नवं पाणी आणलं, नवं मीठ टाकलं. अंडंसुद्धा दुसरं घेतलं.

आई म्हणाली, "पोर हाय आक्का. चुकलं तिचं."

"मी काय बोलले का तुला?" आक्का म्हणाल्या.

खरंच, त्या काही बोलल्या नव्हत्या.

परत येताना आईनं मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. वाटेत माझा हात वाळला आणि कातडीवर मिठाचा पांढरा थर धरला. मी तो बघत चालले होते. मला वाटलं, हेच ते. माझ्या हाताला जे लागलेलं असतं आणि मला दिसत नाही, ते आता दिसायला लागलं.

आमच्या आज्यानं धम्म घेतला तेव्हा गावकीची सगळी कामं सोडली, भाकरी मागणं सोडलं, मेलेलं ओढणं सोडलं, हे आमच्या घरात छाती काढून सांगतात. मीही शाळेत भाषणात सांगितलं. मग पायरीखाली पसरलेला पदर काय होता, हे मी कधी आईला विचारलं नाही. विचारलं असतं तर ती म्हणाली असती, मजुरीबरोबर देतात. तिच्या लेखी ती मजुरीच होती. आणि जूनमध्ये घरातले तांदूळ संपलेले असायचे. बाबा नारायणगावला टोमॅटोच्या बाजारात क्रेट उचलायला. आठवड्याला यायचे, कधी यायचेही नाहीत. लावणीला अजून अवकाश. त्या दिवसांत ते बीच आमचं धान्य.

आई ते घमेल्यात दोन-तीनदा धुवायची, मीठ जावं म्हणून. मग वाळवायची. उखळात कांडायची, सुपानं पाखडायची. खूपसं फोलपट उडून जायचं. थोड्या कण्या हाती लागायच्या. त्यांची पेज. जराशी खारट. कितीही धुतलं तरी खारट. दहावी होईपर्यंत मला वाटायचं, जूनमध्ये सगळ्यांचीच पेज खारट असते.

मी शिकत गेले. आमच्या वस्तीत मुली शिकतात, पण सायन्सला कुणी गेलं नव्हतं. मी गेले. बारावी झाले आणि तालुक्यातल्या एका कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घातलं. सकाळची एसटी आली तर आली. नाही आली तर फाट्यापर्यंत चालत जायचं आणि मिळेल त्या जीपला लोंबकळायचं. पहिला तास बऱ्याचदा उभं राहूनच संपायचा, कारण उशिरा येणाऱ्याला सर बसू देत नसत.

हे सर फिजिक्सचे. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. ते आक्कांचे धाकटे दीर. त्याच घरातले, पण शिकून तालुक्याला बंगला बांधून राहिलेले. मी त्यांना ओळखत होते. त्यांनी मला ओळखायचं काही कारण नव्हतं. पायरीखालच्या माणसाचं तोंड कोण बघतं.

शिकवायचे मात्र उत्तम. हे सांगायलाच पाहिजे. तरंगणाऱ्या वस्तूंचा भाग त्यांनी इतका सोपा करून सांगितला की मी त्या गणितांच्या प्रेमातच पडले. वस्तू पाण्यात गेली की पाणी बाजूला सारते. जेवढं पाणी बाजूला सारलं, त्याच्या वजनाइतक्या जोरानं पाणी तिला वर रेटतं. वस्तूचं वजन त्या रेट्याहून जास्त भरलं तर ती बुडते. नाही भरलं तर तरंगते. लाकडाचा ठोकळा आहे, त्याची घनता पाण्याच्या सहा दशांश आहे, तर त्याचा किती भाग पाण्याखाली? सहा दशांश. एवढंच. तोच ठोकळा तेलात टाकला तर? तेल पाण्याहून हलकं, मग ठोकळा जास्त बुडेल. भागाकार करायचा आणि उत्तर लिहायचं.

मी एसटीत बसून अशी गणितं सोडवायचे. खिडकीतून धरणाचं पाणी दिसायचं, त्यावर मासेमारीच्या होड्या. मनात म्हणायचे, ही होडी लोखंडाची असली तरी तरंगंल, पोकळ आहे म्हणून. मला ही गणितं आवडायची कारण त्यांत कुणाचं आडनाव येत नव्हतं. ठोकळा कुणाचा, हे कुठं विचारलेलं नव्हतं.

पहिल्या वर्षाची हिवाळ्यातली गोष्ट. सरांनी टेबलावर काचेचं मोठं भांडं ठेवलं. मिठाची पिशवी. कागदात बांधून आणलेलं भाताचं बी. मी बघितलं आणि बाकाच्या कडेला सरकून बसले. हा प्रयोग मला येत होता. पुस्तकातल्या बाकी सगळ्या गोष्टी मी पहिल्यांदाच बघत होते. ही मला जन्मापासून माहीत होती.

सरांनी मीठ विरघळवलं, बी टाकलं. काही खाली, काही वर.

"बुडतं ते बियाणं," सर म्हणाले. "आणि तरंगतं त्याचं काय करतात?"

कुणी म्हणालं, फेकतात. कुणी म्हणालं, कोंबड्यांना घालतात. मी हात वर केला. एरवी मी हात वर करत नसे.

"खातात, सर."

मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"कोण खातं?" सरांनी विचारलं.

"आम्ही खातो. दोन-तीनदा धुवायचं, वाळवायचं, कांडायचं. मग कण्या निघतात."

मी कृती सांगत होते. परीक्षेत उत्तर पूर्ण लिहावं तशी. हे आठवलं की आजही कानशिलं तापतात. लोक हसताहेत, ते मला कळत होतं, आणि तरी मी पाखडण्यापर्यंत पोचले होते.

सरांनी हसणं ओसरू दिलं. त्यांना वेळ साधता यायची. मग ते म्हणाले, "तरीच. पोचट खाऊन वाढलेलं, म्हणून इथपर्यंत तरंगत आलं. काहींना मार्क मिळवून वर यावं लागतं. काहींचं नुसतं हलकं असून भागतं."

आता वर्ग मोकळेपणी हसला. पहिल्यापेक्षा खूप मोठ्यानं. ह्या वेळी सरांची परवानगी होती. माझ्या शेजारी पिंपरी पेंढारची मुलगी बसायची. आम्ही डबा एकत्र खायचो. ती हसली नाही. तिनं फक्त तिची बॅग आमच्या दोघींच्या मधून उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली. आणि माझ्या तोंडावर हसू होतं. सगळे हसतात तसं मीही हसत होते. का, ते मला अजून कळलेलं नाही.

बारावीला मला त्या वर्गातल्या निम्म्या पोरांहून जास्त मार्क होते. ते सांगायला तोंड उघडलं नाही. आणि कमी असते, तर सर म्हणाले ते खरं झालं असतं का? हा प्रश्न त्या दिवशी मला सुचलाच नाही. मी फक्त मान खाली घालून बेंचवर कुणीतरी कोरलेलं नाव वाचत राहिले.

तास संपल्यावर सरांनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. चहा पीत होते. आवाज मऊ होता.

"वाईट वाटून घेऊ नकोस. गंमत असते वर्गात. पण एक सांगतो, तिसऱ्या वर्षाला फिजिक्स घेऊ नकोस. झेपणार नाही तुला. खरं तर आत्ताच आर्ट्सला बदलून घे. तुमच्यातल्या मुली बी.ए. करून लागतात कुठं ना कुठं."

मी म्हणाले, "हो सर."

वर्गातलं मी सहन केलं असतं. हा मऊ आवाज मला सोसला नाही. तो आवाज माझी काळजी करत होता आणि मला खाली ढकलत होता, आणि मी त्याला हो म्हणाले होते.

त्या दिवसापासून माझं नाव पोचट पडलं. तोंडावर कुणी म्हणायचं नाही. जिन्यात, लायब्ररीत, एसटी स्टँडवर, पाठीमागून. पोचट आली. पोचट, जागा दे. मी डबा खायचं बंद केलं. डब्यात काय आहे ते कुणाला दिसायला नको म्हणून. भाकरी आणि पिठलं असायचं, सगळ्यांसारखंच. तरी. मग उत्तरं द्यायचं बंद केलं. मग गणितं चुकायला लागली. येत असलेलं गणित चुकायचं. ठोकळ्याचा किती भाग पाण्याखाली, असं वाचलं की पुढचं दिसायचंच नाही. चाचणीत नापास झाले. सर पेपर देताना काही बोलले नाहीत. आक्काही काही बोलल्या नव्हत्या.

मी ठरवून टाकलं, फिजिक्स सोडायचं.

मग जून आला. सुट्टी चालू होती. आई आक्कांकडून आली. लुगड्याच्या पुढच्या भागावर मिठाचे पांढरे ओघळ वाळलेले. तिनं पदर सोडून बी घमेल्यात ओतलं.

"मी हे खाणार नाही," मी म्हणाले.

"का?"

"कॉलेजात हसतात."

"त्येंना कुणी सांगितलं?"

"मीच."

आई माझ्याकडं बघत राहिली. तिला राग आला असता तर मला चाललं असतं. तिची मान खाली गेली. मी तिची मान पहिल्यांदा घरात खाली गेलेली बघितली. पायरीखाली ती रोज जायची, घरात कधी नाही.

"घरातलं घरात ठेवावं, येवढं कळंना व्हय तुला, कालिजात जाऊन?" ती हळूच म्हणाली. मग डोक्याला फडकं बांधलं. दुसऱ्या घरी कामाला जायचं होतं. "न्हाई खायचं तर नको खाऊ. पर धून ठेव. मीठ निगू दे."

ती गेली. मी रागारागानं घमेल्यात पाणी ओतलं. साधं, नळाचं.

आणि बी बुडलं.

सगळं नाही. फोलपटं वर राहिली. पण निम्म्याहून जास्त दाणा सरळ तळाला जाऊन बसला. मी हात घालून ढवळलं. वर आलं, फिरलं, पुन्हा खाली बसलं. शांतपणे.

हे मी लहानपणापासून बघत होते. दर जूनला. धुताना वरचं फोलपट ओतून द्यायचं आणि तळाचं घ्यायचं, हे मला हातालाच माहीत होतं. जे आक्कांच्या टपात वर होतं तेच आमच्या घमेल्यात खाली होतं. दर वर्षी होतं. आणि मी, एसटीत बसून ठोकळे बुडवणारी, मला ते कधी दिसलं नव्हतं.

मी तिथंच उकिडवी बसले आणि गणित मांडलं. दाण्याची घनता साध्या पाण्याहून जास्त. मिठाच्या पाण्याहून कमी. दोन्हींच्या मधे. म्हणून इथं बुडतो, तिथं तरंगतो. दाणा तोच. त्याचं वजन तेच. त्याच्या पोटातला तांदूळ तेवढाच. पाणी बदललं. मग मी घरातून मीठ आणलं आणि मूठ टाकली, दुसरी टाकली. दाणे एक एक करत उठायला लागले. अजून टाकत गेले असते तर आक्कांच्या गोणपाटावरचं निवडक बियाणंही ह्या घमेल्यात वर आलं असतं. आणि ते अंडं? अंडं दाण्याबद्दल काहीच सांगत नव्हतं. मीठ किती टाकलं, तेवढंच सांगत होतं.

तरंगणं हा दाण्याचा गुण नाही. दाणा आणि पाणी, दोघांचा मिळून तो निकाल आहे. आणि पाण्यात मीठ किती घालायचं ते दाणा ठरवत नाही.

एक खरं लिहिते. बियाण्यासाठी जड दाणा निवडावा, त्यात चूक काही नाही. मी शेत करेन तर मीही तसंच करेन. चूक तिथं नव्हती. माणसाला उचलून त्या टपात टाकलं, आणि वर आला की पोचट म्हटलं, तिथं होती.

मला आनंद झाला नाही. उलट लाज वाढली. कारण दुसरी गोष्ट लगेच डोक्यात आली. हे गणित मला आज सुटलं. सरांना ते आधीपासून येत होतं. ते फिजिक्सचे होते. तोच ठोकळा तेलात टाकला तर, हा प्रश्न त्यांनीच फळ्यावर लिहिला होता. त्यांना सगळं माहीत होतं, आणि माहीत असून ते मला तसं म्हणाले होते. अडाणीपणानं बोलले असते तर मी विसरले असते.

बी वाळून, कांडून झाल्यावर मी त्याची पेज खाल्ली.

दुसऱ्या वर्षाला मी फिजिक्स सोडलं नाही. कुणाला काही बोललेही नाही. गणितं पुन्हा सुटायला लागली. पाठीमागून पोचट ऐकू यायचं. ऐकायचे आणि जायचे. धीर आला होता असं नाही. फक्त सोडवत होते.

हिवाळ्यात एक दिवस मी प्रयोगशाळेत एकटी रीडिंग घेत होते. शेजारच्या वर्गात सर पहिल्या वर्षाला शिकवत होते. मधलं दार उघडं होतं. मी कान देऊन ऐकत नव्हते. पण ती वाक्यं मी कुठंही ओळखली असती. बुडतं ते बियाणं. तरंगतं त्याचं काय करतात? पोरांची उत्तरं आली. मग सर म्हणाले, "गेल्या वर्षी ह्याच वर्गात एका मुलीनं काय उत्तर दिलं असेल?"

हसू आधीच सुरू झालं होतं. काय उत्तर ते त्यांना माहीत नव्हतं, तरी.

"म्हणाली, आम्ही खातो."

मी दर वर्षाची गंमत झाले होते. सर निवृत्त होईपर्यंत हे चाललं असतं. जी पोरं मला कधी भेटणार नव्हती, तीही मला हसणार होती. आणि त्यांच्यात माझ्यासारखी एखादी मागच्या बाकावर बसलेली असणार, जी तिच्या घरी काय खातात ते आता कधीच सांगणार नव्हती.

मी दारात कशी गेले ते आठवत नाही. हातात पट्टी होती, एवढं आठवतं.

"सर, ती मी," मी म्हणाले.

वर्ग वळला. सर जरा थांबले. मग हसले. "बरं. मग?"

"मला हा प्रयोग करायचाय."

"कर की," ते म्हणाले. "तुझ्या घरचाच आहे."

पुन्हा हशा. मी टेबलाजवळ गेले. टेबलावरची चाळणी घेतली, ती भांड्याच्या काठावर वाजत होती. वर तरंगणारे दाणे मी काढले. दुसऱ्या भांड्यात नळाचं पाणी घेतलं. थोडं सरांच्या कागदांवर सांडलं. त्यात दाणे सोडले. फोलपटं वर राहिली, बाकीचे खाली गेले. मग पहिल्या भांड्यात, जिथं सरांचं बियाणं बुडालेलं होतं, तिथं मी मीठ टाकायला लागले. ओंजळीनं. ढवळलं. पुन्हा टाकलं. वेळ लागत होता. पोरं कुजबुजत होती. माझ्या मनात आलं, नाही उठलं तर? मग बियाणं हलायला लागलं. एक दाणा, मग पाच-सहा, मग बरेच. सगळे नाही आले. पण बरेच आले.

मी काही भाषण पाठ केलेलं नव्हतं. एवढंच म्हणाले, "सर, आता ह्यातलं पोचट कुठलं?"

सर शांत होते. ते चिडतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "मीठ वाढवलं की वर येणारच. ह्यात नवीन काय?"

"नवीन काही नाही, सर. तुम्हाला हे माहीत होतं, एवढंच सांगायचं होतं."

मग मात्र त्यांचा चेहरा बदलला. "झालं तुझं? बाहेर हो."

मी बाहेर झाले. टाळ्या वगैरे काही वाजल्या नाहीत. मी दारातून जाताना मागून कुणीतरी बारीक आवाजात म्हणालंच, "खातात." आणि दोघं-तिघं हसले. पिंपरी पेंढारच्या मुलीला दुपारपर्यंत सगळं कळलं होतं. ती जिन्यात भेटली आणि म्हणाली, "कशाला अंगावर ओढून घेतलंस गं? विसरले असते लोक." तिला माझं वाईट व्हावं असं वाटत नव्हतं. पण विसरणं लोकांच्या हातात होतं, माझ्या नाही, हे तिला सांगूनही कळलं नसतं.

त्या वर्षी प्रॅक्टिकलला मला वर्गात सगळ्यांत कमी मार्क मिळाले. लेखी परीक्षेच्या मार्कांनी मला सावरलं. तिसऱ्या वर्षाला फिजिक्सच्या जागा मोजक्या होत्या. काठावर माझं नाव लागलं. सर म्हणाले, "सांगितलं होतं मी. झेपणार नाही." ह्या वेळी मी हो सर म्हणाले नाही.

आणि पुन्हा जून. आईबरोबर मी आक्कांकडं गेले. आदल्या दिवशी घरी भांडण झालं होतं. मी म्हणाले, पदर पसरायचा नाही. आई म्हणाली, मजुरी सोडू का मग? मी म्हणाले, मजुरी नको सोडू, पदर सोड. ती म्हणाली, "आन् खायचं काय?" त्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. अजूनही आहे असं मी सांगणार नाही.

अंगणात टप तोच होता. आक्का थकल्या होत्या. सून मीठ ढवळत होती. आई परड्यात काम करत होती, मी तिच्या हाताखाली. बी निवडून झालं. आक्कांनी हाक मारली. चाळणी हातात धरून त्या पायरीवर उभ्या राहिल्या. आई पायरीपाशी गेली. तिचा हात सवयीनं पदराकडं गेला. मी बघत होते. मला वाटलं, ती पसरणार. पसरला असता तर मी तिला काही म्हटलं नसतं.

तिनं पदर खांद्यावरून ओढून कमरेला खोचला.

"कोंबड्यांना घाला, आक्का," ती म्हणाली.

"सगळं?"

"सगळं."

आक्कांनी माझ्याकडं बघितलं. "पोरगी शिकली वाटतं."

"व्हय," आई म्हणाली. "शिकली."

त्या जूनमध्ये आमच्या घरी पेज पातळ होती. बाबांनी नारायणगावहून पाठवलं तेवढ्यावर आणि मी लावणीला गेले त्या मजुरीवर ती शिजली. दोनदा ती न शिजवताच आम्ही झोपलो. खारट मात्र नव्हती.

लाज गेली, असं मी लिहिणार नाही. हे लिहितानासुद्धा आहे. माझा तो हात, कोपरापर्यंत पांढरा, मला अधूनमधून दिसतो. मी आता आमच्या खोऱ्यातल्या नववी-दहावीच्या पोरांना विज्ञान शिकवते, आणि तरंगण्याचा धडा आला की बी आणि मीठ घेऊन जाते. पण मी आधी साधं पाणी घेते. मग मीठ पोरांच्या हातात देते आणि सांगते, टाका, आणि किती टाकलं ते बघा. तरंगलेलं कोण खातं, असं मी विचारत नाही. कुणी आपणहून सांगितलं, तर त्या वर्गात कुणाला हसू देत नाही. ह्यापुढंही देणार नाही. मला कुणी पुन्हा हलकी म्हटलं, तर मी त्याला आधी त्याच्या हातातली मिठाची पिशवी दाखवीन.

फिजिक्स घेऊन मी बी.एस्सी. झाले, पहिल्या वर्गात. आमच्या वस्तीतली पहिली. तरंगत नाही आले. एसटी यायची नाही तेव्हा फाट्यापर्यंत चालत आले.